‘हाई कोनं शे?’

मॉडेल विमान उडवायला शिकवणाऱ्या धुळ्याच्या सरांनी मला सगळ्यात आधी काय करायला लावलं असेल, तर पंखाखाली नाव, गाव आणि फोन नंबर लिहायला. मोटर, रिसीव्हर, सर्व्हो हे सगळं नंतर. काळ्या मार्करने, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत लिहायचं. विमान पडणार ते कुणाच्या तरी वावरात, आणि सापडणार ते निंदणीला आलेल्या बायांना किंवा गुरं चारणाऱ्या पोराला. त्यांना वाचता आलं पाहिजे, असं सर म्हणायचे. उन्हाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात आम्ही उडवायचो. सिग्नल तुटला की विमान वाऱ्याबरोबर निघून जायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी गावातून फोन यायचा. घ्यायला गेलं की ते ओसरीवर खुंटीला टांगलेलं असायचं. चार माणसं जमायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, “हाई कोनं शे?” कुणाचं आहे हे कळलं की मग चहा यायचा.

माझं जळगावला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, पंपाचे स्टार्टर यांच्या जोडीला कित्येक वर्षं मी मॉडेल विमानं बांधतो, आणि पुढे पुढे ड्रोनही दुरुस्त करू लागलो. इंजिनिअरिंगची मुलं, लग्नाचे फोटोग्राफर, रावेर-यावल पट्ट्यातले केळीवाले, सगळ्यांची यंत्रं माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत. उडणाऱ्या वस्तूला स्वतःची ओळख असावी की नसावी, यावर या वर्षांत मी जेवढा विचार केला तेवढा इतर कशावर केला नसेल.

सुरुवातीचे रेडिओ क्रिस्टलवर चालायचे. दोघांकडे एकाच चॅनेलचा क्रिस्टल असला आणि दोघांनी एकदम ट्रान्समीटर चालू केला, की हवेतलं विमान गेलंच समजायचं. म्हणून मैदानावर एक लाकडी फळी असायची. फळीवर चॅनेलचे नंबर, आणि ज्याला उडवायचं त्याने आपल्या नावाचा चिमटा त्या नंबरावर लावायचा. चिमटा नाही तर ट्रान्समीटर चालू करायचा नाही. त्यामुळे आकाशात काय चाललंय आणि ते कुणाचं आहे, हे फळीकडे नजर टाकली की कुणालाही कळायचं. पुढे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. ते स्वतःच मोकळं चॅनेल शोधतात, एकमेकांना आडवे जात नाहीत. फळीची गरज संपली. यंत्राच्या दृष्टीने ती मोठीच सुधारणा होती. पण हवेत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असण्याची सोय त्या फळीबरोबर गेली, आणि ती गेल्याचं आम्हाला बरीच वर्षं जाणवलंसुद्धा नाही.

जाणवलं ते कॅमेऱ्याचे ड्रोन आल्यावर. विमान बांधणाऱ्या मुलाला महिनोन्महिने मोठ्या माणसांच्या हाताखाली काढावे लागतात, त्यात तो मैदानाची शिस्त आपोआप शिकतो. ड्रोन खोक्यातून निघतो आणि त्याच संध्याकाळी गच्चीवरून उडतो. उडवणाऱ्याला मैदान नाही, गुरू नाही, आणि पंखाखाली नंबर लिहायला पंखही नाही. ७ ऑक्टोबर २०१४ला डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जाहीर सूचना काढून, नियम होईपर्यंत नागरी वापरासाठी ड्रोन उडवायला मनाई केली. आमच्या भागात त्याचा परिणाम एवढाच झाला, की लोक उडवायचे ते गुपचूप उडवू लागले. लग्नात ड्रोन असायचा, पण बिलावर ‘एरियल शूट’ असं कुणी लिहीत नसे.

मग ऑगस्ट २०१८मध्ये नियम जाहीर झाले आणि १ डिसेंबरपासून लागू झाले. त्यात ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ ही व्यवस्था होती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे एनपीएनटी म्हणू लागले. कल्पना अशी, की डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेतून डिजिटल सहीची परवानगी ड्रोनमध्ये उतरवायची, ड्रोनच्या बोर्डाने ती तपासायची, आणि ती नसेल तर मोटरी फिरूच द्यायच्या नाहीत. कारखान्यात बनलेल्या मोठ्या ड्रोनसाठी हे समजण्यासारखं आहे. आमच्या फोमच्या विमानात काय असतं? एक रिसीव्हर, तीन-चार सर्व्हो, मोटरचा वेग सांभाळणारा एक ईएससी, मोटर आणि लिपो बॅटरी. संगणक नावाला नाही. ते परवानगी तपासणार कशाने? त्या काळात एक मुलगा स्वतः कापलेलं, चिकटवलेलं, वडिलांच्या जुन्या छत्रीच्या काड्या घालून मजबूत केलेलं विमान घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, “काका, हे आता बेकायदेशीर झालं का?” शिकणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडावा, याचंच मला फार वाईट वाटलं.

जानेवारी २०२०मध्ये सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. ज्यांच्याकडे ड्रोन आहेत त्यांनी ३१ जानेवारीपर्यंत स्वेच्छेने माहिती द्यावी, म्हणजे त्यांना पोचक्रमांक मिळेल. दुकानात रांग लागली असं म्हणणार नाही, पण बरेच लोक चौकशीला आले. अर्ध्यांना वाटत होतं, नाव दिलं की पोलीस येऊन ड्रोन घेऊन जातील. काहींकडे बिल नव्हतं, काहींचा ड्रोन दुबईहून आलेल्या मेव्हण्याने आणलेला. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, नाव द्या. ज्यांनी दिलं त्यांचं काहीही वाकडं झालं नाही. उलट पुढे नोंदणीची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात निदान एक कागद होता.

२५ ऑगस्ट २०२१चे ड्रोन नियम आले आणि आमचा जीव भांड्यात पडला. पंचवीस फॉर्मचे पाच झाले. नोंदणीची फी १०० रुपये. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल अशी वर्गवारी झाली. मायक्रोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल तर उडवणाऱ्याला प्रमाणपत्राची गरज उरली नाही. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी बांधलेल्या २५ किलोंच्या आतल्या मॉडेलला, नजरेच्या टप्प्यात उडवायचं असेल तर, टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे यंत्राच्या प्रकाराला घ्याव्या लागणाऱ्या मंजुरीतून, सूट मिळाली. त्या छत्रीच्या काड्यांवाल्या मुलाला मी मुद्दाम फोन करून हे सांगितलं. तो तेव्हा पुण्याला शिकत होता.

याच नियमांत एक कलम आहे, ते फार कमी लोकांनी नीट वाचलं. सुरक्षेची काही वैशिष्ट्यं केंद्र सरकार पुढे अधिसूचना काढून बंधनकारक करू शकेल, असं त्यात म्हटलं आहे. एक, तीच परवानगीची व्यवस्था. दोन, ड्रोनचं ठिकाण, उंची, वेग आणि ओळख क्रमांक सतत कळवणारा बीकन. तीन, ठरावीक हद्दीबाहेर न जाऊ देणारं जिओ-फेन्सिंग. अधिसूचना निघाल्यावर तयारीला किमान ६ महिने मिळतील. जगभर ज्याला ‘रिमोट आयडी’ म्हणतात, तो यातला दुसरा मुद्दा. माझ्या मते आपल्या देशाने याच एका मुद्द्याला आधी हात घालायला हवा होता. परवानगीची व्यवस्था माणसाचे हात आधीच बांधून ठेवते. बीकन फक्त नाव विचारतो.

नाव विचारणं किती गरजेचं आहे, हे मला २०२४च्या पावसाळ्यात कळलं. त्या जून-जुलैत बीड, जालना, पुण्याचा शिरूर-आंबेगाव भाग, इकडे रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या. लोक काठ्या घेऊन रात्रभर जागत होते. विधिमंडळातही विषय निघाला. त्याचे व्हिडिओ आमच्या गावागावांतल्या ग्रुपवर आले आणि इथेही माणसं आकाशाकडे बघू लागली. त्या दिवसांत माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर धरणाच्या काठी प्री-वेडिंग शूट करून दिवेलागणीला परत निघाला होता. गावकऱ्यांनी गाडी अडवली. काल रात्री गावावरून जे गेलं ते तुझंच, असं त्यांचं म्हणणं. त्याने मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा पन्नास-साठ माणसं होती, एक हवालदार आलेले होते आणि ड्रोन त्यांच्या जीपच्या बॉनेटवर ठेवला होता. पोरगा कायद्याला धरून चालणारा. यूआयएनचा, म्हणजे नोंदणीत मिळणाऱ्या ओळख क्रमांकाचा, स्टिकर ड्रोनच्या पोटाखाली चिकटवलेला, नोंदणीचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये. पण तो स्टिकर माझ्या करंगळीएवढा. जमिनीवरच्या माणसाला रात्री दिसतात ते एक लाल आणि एक हिरवा दिवा. गाडीला एमएच १९ किंवा एमएच १८ची पाटी असते, ती चालत्या गाडीवरही वाचता येते. शंभर मीटर वरचा स्टिकर कोण वाचणार? शेवटी उपयोगी पडला तो ॲपमधला लॉग. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, ठिकाण त्यात होतं आणि आदल्या रात्री काहीच नव्हतं. हवालदारांनी चष्मा लावून एकेक ओळ बघितली, तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या आणि लोकांना घरी जायला सांगितलं. त्या माणसांवर माझा राग नाही. अंधारात डोक्यावर काही तरी घोंघावतं आहे आणि ते कुणाचं हे विचारायची सोय नाही, अशा वेळी कुणीही घाबरेल. राग आहे तो, सोय उपलब्ध असून ती न वापरण्यावर.

त्यानंतर मी रिमोट आयडीचं मॉड्यूल स्वतः जुळवायला घेतलं. अमेरिकेत हा नियम उडवणाऱ्यांना १६ सप्टेंबर २०२३पासून लागू झाला; पण बाजारात मॉड्यूल पुरेसे नव्हते म्हणून १६ मार्च २०२४पर्यंत कारवाईत ढील दिली गेली. जपानने तर जून २०२२पासूनच १०० ग्रॅमवरच्या यंत्रांना नोंदणी आणि रिमोट आयडी लागू केला. युरोपातही जानेवारी २०२४पासून बऱ्याच ड्रोनना तो लागू झाला. त्यामुळे याचं तंत्र कुणा एका कंपनीच्या मुठीत राहिलेलं नाही. प्रोग्रॅम खुला आहे आणि तो ईएसपी३२ नावाच्या स्वस्त चिपवर चालतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलं हीच चिप ठिबकचा व्हॉल्व्ह चालू-बंद करायला वापरतात.

नखाएवढी चिप असलेला बोर्ड, त्याला काडेपेटीपेक्षा लहान जीपीएस आणि पाच व्होल्टचा पुरवठा. जीपीएसच्या चार तारा सोल्डर करायच्या, त्यात टीएक्स आणि आरएक्स उलटसुलट जोडल्या गेल्या नाहीत ना हे बघायचं. बोर्डावर अँटेनाचा जो नागमोडी पट्टा असतो तो बॅटरीखाली किंवा कार्बनच्या फ्रेमला चिकटून ठेवायचा नाही, नाहीतर सिग्नल तिथेच मरतो. फोमच्या विमानात मी तो पंखाच्या वरच्या अंगाला खाच करून बसवतो आणि वरून पारदर्शक टेप लावतो. जळगावच्या मे महिन्यात हे जपायला लागतं, कारण गाडीच्या डिकीत ठेवलेल्या विमानाचा ग्लू वितळून बोर्ड जागा सोडतो. सगळं मिळून वजन इतकं थोडं, की विमानाचा तोल साधायला नाकातली बॅटरी बोटभर पुढे सरकवली की भागतं.

चालू केल्यावर ते जीपीएसचं लॉक मिळेपर्यंत थांबतं आणि मग वायफाय व ब्लूटूथवरून दर सेकंदाला एक निरोप सोडत राहतं. माझा क्रमांक, मी आत्ता इथे आहे, एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगाने, अमुक ठिकाणाहून उडालो. इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे मोबाइलला रेंज नाही तिथेही हे चालतं. खाली उभ्या माणसाच्या फोनमध्ये एक ॲप हवं, की नकाशावर ठिपका सरकताना दिसतो. प्रत्येक फोन सगळ्या प्रकारचे निरोप पकडत नाही, हे खरं. माझ्या आयफोनवाल्या मित्राला वायफायचे निरोप दिसतच नाहीत, आणि साध्या ॲण्ड्रॉइड फोनवर लांबचा ब्लूटूथ पोचत नाही. उघड्या मैदानात काहीशे मीटर मिळतात, केळीच्या बागेत त्याहून बरंच कमी, कारण पाण्याने भरलेली ती पानं सिग्नल पिऊन टाकतात.

पहिली चाचणी आम्ही अमळनेरच्या बाजूला एका मित्राच्या पडीक वावरात केली. मुद्दाम गावच्या पोलीस पाटलांना बोलावलं. त्यांच्या हातात फोन दिला आणि मी विमान वर नेलं. ते आधी आकाशाकडे, मग फोनकडे, पुन्हा आकाशाकडे बघत राहिले. मी विमान वळवलं की ठिपका वळायचा. थोड्या वेळाने त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “भाऊ, ह्या नंबरवरून नाव कुठं कळंल?” त्यांनी नेमकं कमकुवत जागेवर बोट ठेवलं होतं. नंबर हवेतून येतो, पण नंबरामागचं नाव सरकारच्या नोंदवहीत. ती नोंदवही गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोचली नाही, तर मॉड्यूलचा उपयोग अर्धाच.

नाव हवेत सोडायचं नाही, हे मात्र बरोबरच आहे. एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी माझ्याकडे प्रोजेक्टसाठी यायची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, मी एकटी मैदानात उडवत असले, तर मी कुठे उभी आहे हे रस्त्यावरच्या कुणालाही दिसणार का?” उत्तर हो असंच आहे. कारखान्यातून रिमोट आयडीसह आलेले ड्रोन उडवणाऱ्याचं ठिकाणही सांगतात, जोडलेलं मॉड्यूल उड्डाणाची जागा सांगतं. अमेरिकेतही हाच आक्षेप घेऊन काही लोक न्यायालयात गेले होते. जुलै २०२२मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. कायद्याने निकाल लागला तरी त्या मुलीची काळजी खोटी ठरत नाही. उडवणाऱ्याची जागा फक्त पोलिसांना वाचता येईल अशी सांकेतिक करता येते, तंत्रात ते अवघड नाही. आपल्याकडे नियम होईल तेव्हा एवढी तजवीज त्यात झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. चोर थोडाच मॉड्यूल लावणार आहे? नाही लावणार. पण बाकी सगळ्यांनी लावलं, तर रात्री घोंघावणारा बिनओळखीचा ड्रोन लगेच वेगळा पडतो, आणि त्या फोटोग्राफर पोरासारख्याला जीपच्या बॉनेटजवळ उभं राहावं लागत नाही.

आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. खानदेशाचं आकाश रिकामं नाही. जळगावचा विमानतळ २०१२चा, आणि २०१७च्या डिसेंबरपासून उडान योजनेत प्रवासी विमानंही येऊ लागली. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरला आहे, आणि दोन्ही ठिकाणी वैमानिक घडले आहेत. शिकाऊ विमानं लहान, हळू आणि खूपदा खाली असतात. १६ जुलै २०२१ला चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात असंच एक प्रशिक्षण विमान कोसळलं, प्रशिक्षक गेले आणि शिकणारी मुलगी जखमी झाली. त्या अपघाताशी ड्रोनचा काहीही संबंध नव्हता. पण त्या दिवसापासून मी कुणालाही यंत्र विकताना हे सांगितल्याशिवाय सोडत नाही, की तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या छोट्या विमानात वीस वर्षांचं एखादं पोर बसलेलं असतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, आणि त्यापुढे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या बाजूला तर नकाशा बघितल्याखेरीज खोकंसुद्धा उघडायचं नाही. आमचं जुनं मैदान या हिशोबात बसेना, तेव्हा आम्ही ते सोडलं आणि लांब गेलो. पेट्रोल जास्त लागतं, पण मन शांत असतं.

आता तर फवारणीचे ड्रोनही आले. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांच्या बायका ते चालवतात, आणि त्या नियम आमच्या छंदवाल्यांपेक्षा काटेकोर पाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या यंत्रावर क्रमांक ठळक असतो, वही भरलेली असते, कुणाच्या बांधावर कधी फवारलं ते लिहिलेलं असतं. उद्या एकाच शिवारात त्यांचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर आणि एखाद्या पोराचं विमान त्याच्याही वर, असं होणारच. दोघांना एकमेकांचा ठिपका दिसला तर दोघेही सांभाळून घेतील.

माझ्या बाजूने मी एवढंच ठरवलं आहे, की माझ्या हातून बांधलेलं एकही विमान मॉड्यूलशिवाय मैदानावर जाणार नाही, सक्ती असो वा नसो. दिल्लीत नियम करणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. परवानगीच्या कुलपाआधी हा बीकन आणा, तो खुल्या तंत्राचा ठेवा म्हणजे जळगावच्या दुकानातही बनेल, आणि त्यामागची नोंदवही पोलीस ठाण्यांना उघडून द्या. अमेरिकेत शिक्षणसंस्था आणि छंदमंडळं आपल्या मैदानापुरती रिमोट आयडीतून सूट मागू शकतात. तशी ठरवून दिलेली मैदानं आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना आणि शाळांनाही मिळावीत, म्हणजे फोम कापून पहिलं विमान करणाऱ्या पोराला कायद्याची भीती वाटणार नाही. आणि उडवणाऱ्यांनो, नियमाची वाट बघू नका. यूआयएनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, लॉग पुसू नका, रात्री उडवू नका, आणि दुसऱ्याच्या गावात जायचं असेल तर आदल्या दिवशी पोलीस पाटलांना फोन करा.